मॅसी फर्ग्युसन ३५ : वर्षानुवर्षं उभा असलेला ट्रॅक्टर पुन्हा चालू करताना

शेडमध्ये पाच-दहा वर्षं उभा राहिलेला मॅसी ३५ हाती आला की पहिला मोह होतो तो बॅटरी जोडून सेल्फ मारायचा. तो मोह आवरा. हे इंजिन इतकं दणकट आहे की वाईट अवस्थेतही पेट घेतं आणि नुकसान नेमकं तेव्हाच होतं. पाणी मिसळलेल्या तेलावर बेअरिंगं फिरतात, साचलेल्या घाणीवर डिझेल पंप फिरतो. आधी एक अख्खा दिवस तपासणीला द्या. पंपाच्या दुरुस्तीपेक्षा तो दिवस कितीतरी स्वस्त पडतो.

या ट्रॅक्टरला चासी नाही. इंजिन, क्लच हाऊसिंग, गिअरबॉक्स आणि मधलं हाऊसिंग एकमेकांना बोल्टने आवळलेली आहेत आणि तोच त्याचा सांगाडा. गिअर, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांना तेलही एकच. त्यामुळे बिघाड होतो एकीकडे आणि दिसतो दुसरीकडे. डिझेल पंपाचं सील गेलं की डिपस्टिकवर इंजिन ऑइल वाढलेलं दिसतं. गिअर लिव्हरचं रबर फाटलं की अवजार उचलणारी मागची लिफ्ट रुसते. तेल कुठून आलं आणि कुठे गेलं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायची सवय लावली तर निम्मे दोष हत्यार न लावता सापडतात.

आधी गाडी ओळखा

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यात १९५६ पासून फर्ग्युसन ३५ बनायला लागला, तेव्हा त्याचा रंग राखाडी-सोनेरी होता. १९५७ च्या अखेरीस तो लाल पत्रा आणि राखाडी अंगाचा मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. सुरुवातीच्या डिझेल गाड्यांत स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. थंडीत ते चालू व्हायला फार त्रास द्यायचं. १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसनने पर्किन्स कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ३५ वर पर्किन्सचं तीन सिलिंडरचं इंजिन आलं. ३५ चं नाव झालं ते याच इंजिनामुळे. पुढचं सगळं याच गाडीबद्दल आहे.

ओळखायचं कसं? बॉनेट उघडून पंपाकडून हेडवर जाणारे बारीक स्टीलचे पाईप मोजा. तीन असले तर पर्किन्स. बोअर ९१.४ मिमी, स्ट्रोक १२७ मिमी, म्हणजे अडीच लिटर. ताकद साधारण ३७ अश्वशक्ती, फायरिंग ऑर्डर १-२-३. गिअर तीन पुढचे आणि एक रिव्हर्स, हाय-लो लिव्हर धरून सहा पुढे, दोन मागे.

आपल्याकडे याच घराण्यातला १०३५ जास्त दिसतो. टॅफे ही कंपनी १९६० मध्ये मद्रासला सुरू झाली आणि तिने हे वाण भारतात रुजवलं. दोघांची बांधणी, लिफ्ट आणि बिघडायची तऱ्हाही सारखी आहे, त्यामुळे इथली बरीच माहिती १०३५ वाल्यांनाही उपयोगी पडेल. पण सुटे भाग डोळे झाकून बदलू नका. १०३५ डीआयचं इंजिन २४०० सीसीच्या घरातलं, ३५ चं २५०० च्या. पिस्टन-लायनर आणायला जाताना जुना पिस्टन बरोबर न्या आणि काउंटरवरच मापून घ्या.

पाने इंची लागतात: ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४. एकोणीसचा पाना ३/४ ला बेमालूम बसतो, म्हणून वाटतं की बाकीचंही मिलिमीटरच्या पान्यांवर निभेल. ते निभत नाही. ९/१६ च्या नटावर चौदाचा पाना चढतच नाही आणि पंधराचा नटाचं डोकं गोल करतो.

सेल्फला हात लावण्याआधी

सगळ्यात आधी इंजिन ऑइल. डिपस्टिक काढा, पांढऱ्या कागदावर थेंब टेकवा. काळं तेल चालतं. दुधाळ-करडं असलं तर पाणी शिरलंय. पातळी वरच्या खुणेच्या वर असली आणि तेलाला डिझेलचा वास येत असला तर डिझेल शिरलंय. डिझेल दोन वाटांनी शिरतं: फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा) पडदा फाटलेला असतो, नाहीतर मुख्य पंपाच्या शाफ्टचं सील गेलेलं असतं. पडद्याची दुरुस्ती तासाभराची आहे आणि किटही स्वस्त मिळतं, म्हणून आधी तोच पाहा.

संपचा, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याचा, प्लग एकदम काढू नका. शेवटच्या आट्यांवर आणून हळूहळू सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे तळाशी पाणी असलं तर तेलाच्या आधी तेच टपकतं. चमचाभर पाणी दमट हवेनेही साचतं, त्याची फिकीर नको. अर्धा लिटर निघालं तर मात्र हेड गॅस्केट किंवा हेड तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवं तेल साडेसहा ते सात लिटर लागतं. आकड्यापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवा. आपल्या हवेत १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० डिझेल ऑइल ठीक.

मग इंजिन मोकळं आहे का ते बघा. गिअर न्यूट्रल, हाय-लो लिव्हर मध्ये, पुढच्या पुलीच्या नटावर मोठा पाना घालून इंजिन फिरतं त्याच दिशेने ओढा. या इंजिनाला डिकॉम्प्रेशन लिव्हर नाही, त्यामुळे कॉम्प्रेशनला जोर लागतो. पण जोर लावून पुढे सरकणं वेगळं आणि दगडासारखं अडणं वेगळं, हातालाच कळतं. अडलं असेल तर तिन्ही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग दोन्ही दिशांना हलकं हलकं हलवून पाहा. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून 'सोडवायला' जाऊ नका. गंजून चिकटलेला व्हॉल्व्ह उघडाच राहतो, पुशरॉड वाकतो आणि मग काम हेड उतरवण्यावर जातं.

एअर क्लीनर तेलाचा आहे. खालची वाटी काढली की तळाशी चिखलाचा थर सापडतो. तो खरवडून, डिझेलने धुऊन, इंजिनचंच तेल आतल्या खुणेपर्यंत भरा. खुणेच्या वर एक बोटही नको. जास्तीचं तेल हवेबरोबर ओढलं जातं आणि डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळतं. मग स्टॉप नॉब ओढूनही इंजिन थांबत नाही, उलट वेग घेतं. अशा वेळी हवेच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबणं हाच उपाय. पहिल्यांदा चालू करताना ती फळी हाताशी असू द्या. तळहात लावू नका.

रेडिएटरमध्ये साधारण दहा लिटर पाणी बसतं. बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका. तीन सिलिंडरच्या ब्लॉकमध्ये मागच्या सिलिंडरभोवती गाळ साचतो आणि ते सिलिंडरच आधी तापतं. निचरा करताना रेडिएटरची खालची तोटी आणि ब्लॉकवरची तोटी दोन्ही उघडाव्यात. ब्लॉकच्या तोटीतून काहीच आलं नाही तर ती रिकामी आहे असं समजू नका, गाळाने बुजलेली असते. तार घालून मोकळी करा.

बॅटरी जोडण्याआधी अर्थिंग बघा, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक ट्रॅक्टरच्या बॉडीला जोडायचंय ते. त्या काळच्या ल्युकास डायनामोच्या इंग्लिश गाड्यांत बऱ्याचदा पॉझिटिव्ह अर्थिंग असायचं, आणि मधल्या काळात कुणीतरी ते उलटवलेलंही असतं. डायनामोच्या जागी आल्टरनेटर बसवला असेल आणि बॅटरी उलटी लागली, तर त्याचे डायोड तिथल्या तिथे जातात.

डिझेलची लाइन आणि एअर काढणं

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून जरा सविस्तर.

या इंजिनावर सीएव्हीचा डीपीए जातीचा रोटरी पंप आहे. इंजिनच्या अंगाला आडवा, छोट्या लोट्याएवढा. त्याच्या आत एकच फिरणारा रोटर तिन्ही सिलिंडरला पाळीपाळीने डिझेल वाटतो. रोटर आणि त्याभोवतीचं हेड यांच्यातली फट इतकी सूक्ष्म असते की त्यात वंगण म्हणून डिझेलशिवाय दुसरं काही मावत नाही. पाण्याचा एक थेंब गेला तर तिथे गंजाचा डाग पडतो, आणि डाग पडलेला रोटर अडकला तर पंपाचा शाफ्टच तुटतो. म्हणून टाकी धुतल्याशिवाय आणि फिल्टर बदलल्याशिवाय हा पंप फिरवूच नये.

टाकी पूर्ण रिकामी करा आणि तळाशी टॉर्च मारून पाहा. काळसर, चिकट, शेवाळासारखा थर दिसला तर टाकी उतरवून आत मूठभर स्वच्छ खडी आणि थोडं डिझेल घालून हलवा, चार वेळा धुवा, उन्हात उलटी ठेवून वाळवा. फीड पंपाची बारीक जाळीही काढून साफ करा.

फिल्टर २९६ नंबरचा, दुकानात 'सीएव्ही २९६' म्हटलं की मिळतो. नव्या फिल्टरबरोबर रबरी रिंगा येतात. जुनी रिंग वरच्या डोक्याच्या खाचेत चिकटून बसलेली असते आणि काळ्यावर काळी म्हणून दिसत नाही. तिच्यावर दुसरी रिंग चढली की फिल्टर कितीही आवळा, हवा ओढतोच. सुईने खाच खरवडून जुनी रिंग निघाली याची खात्री करा. मधल्या बोल्टाखालची छोटी ओरिंगही बदला. मग बेताने आवळा, तिथला भाग ओतीव आहे आणि तडकतो.

आता एअर काढायचा क्रम. सुरुवात करण्याआधी प्रत्येक स्क्रूभोवतीची माती ब्रश आणि डिझेलने धुऊन काढा.

१. टाकी निम्म्यापेक्षा जास्त भरा, कॉक उघडा, स्टॉप नॉब आत ढकललेला आहे ना ते बघा.

२. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) दोन आटे सैल करा आणि फीड पंपाची हाताची पट्टी वर-खाली करा. फेसाळ डिझेल येईल, मग बुडबुडे संपतील. पट्टी चालू असतानाच स्क्रू आवळा. पट्टी नुसती ढिली हलत असेल, दाब लागतच नसेल, तर पंप बिघडला असं लगेच ठरवू नका. कॅमशाफ्टचा उंचवटा पंपाच्या आर्मवर आलेला असतो. पुलीवरून इंजिन एक पूर्ण फेरा फिरवा, दाब लागेल.

३. मुख्य पंपावर दोन ब्लीड स्क्रू आहेत. एक बाजूला, हायड्रॉलिक हेडच्या अंगावर. दुसरा वर, गव्हर्नरच्या झाकणाजवळ. दोन्ही सैल करून पट्टी मारत राहा. बाजूच्या स्क्रूमधून स्वच्छ डिझेल आलं की तो आधी बंद करा. मग वरच्याचे बुडबुडे संपेपर्यंत पट्टी मारून तोही बंद करा. हा क्रम उलटा केला तर हेडजवळ हवा कोंडून राहते.

४. नोझलवर येणाऱ्या स्टीलच्या पाईपांचे कुठलेही दोन नट एक-दीड आटा सैल करा. एक्सलेटर पूर्ण उघडा आणि सेल्फ मारा. आधी थुंकल्यासारखं, मग धडधड डिझेल उडायला लागलं की नट आवळा.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट थांबा. नोझलजवळ उडणाऱ्या डिझेलच्या वाटेत बोट आणू नका. ते कातडी भेदून आत शिरण्याइतक्या दाबाचं असतं. शिरलंच तर टोचल्यासारखा बारीक ठिपकाच दिसतो आणि दुखतही नाही, पण त्याच तासाला दवाखाना गाठायचा. वाट पाहिली तर बोट काढायची पाळी येते.

इंजिन चालू होऊन अर्ध्या मिनिटात गुदमरून बंद पडलं तर अजून कुठूनतरी हवा येते आहे. इथे एक भेद कामाचा. फीड पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि पंपाकडे, गळती असली तर डिझेल बाहेर येतं आणि ओल दिसते. टाकी ते फीड पंप या टप्प्यात मात्र ओढ असते. तिथल्या सैल जोडातून डिझेल बाहेर न येता हवा आत जाते, पाईप कोरडाच दिसतो. म्हणून ओल दिसत नसली की टाकीचा कॉक, तिथली वॉशर आणि फीड पंपाच्या आधीचा प्रत्येक जोड तपासा.

सगळं करूनही नोझलपर्यंत डिझेल येत नसेल तर पंपाच्या आतला मीटरिंग व्हॉल्व्ह (डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा) जुन्या डिझेलच्या राळेने चिकटलेला असू शकतो. पंप उतरवून पंपवाल्याकडे न्या. उतरवण्याआधी पंपाच्या फ्लँजवरची आणि इंजिनवरची खूण एकमेकांसमोर आहे का ते पाहा, नसेल तर छिन्नीने बारीक खूण करून ठेवा. फ्लँजची भोकं लांबट असतात, टायमिंग तिथेच हलतं. पंप घरी उघडायचा भाग नाही.

पहिला स्टार्ट

सुरुवातीला स्टॉप नॉब ओढून धरा आणि सेल्फ मारून नुसतं इंजिन फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचलं की मग नॉब आत ढकला आणि चालू करा. हाय-लो लिव्हर मधल्या जागी असल्याशिवाय सेल्फ लागत नाही, ती सुरक्षेची सोय आहे. कुणी वायर बायपास केली असेल तर पूर्ववत करा. सेल्फच्या बोल्टांवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून चालू करायची पद्धत सोडून द्या. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर चालू होतो आणि बाजूला उभ्या माणसावर मागचं चाक चढतं.

थंडीत इनलेट मॅनिफोल्डवरचा थर्मोस्टार्ट (आत जाणारी हवा तापवणारी कॉइल) वापरावा: चावी हीटच्या जागी पंधरा-वीस सेकंद, मग सेल्फ. त्याच्याकडे येणारी बारीक नळी कोरडी असेल तर कॉइल जळते. ईथरचा स्प्रे मारू नका. तापलेल्या कॉइलवर तो मॅनिफोल्डमध्येच भडकतो, आणि भडकला नाही तरी पिस्टनच्या रिंगा मोडतो.

इंजिन गरम झाल्यावर पूर्ण वेगाला ऑइल प्रेशर निदान ३० पीएसआय हवं. सायलेन्सरकडे बघा. पहिली पाच मिनिटं पांढरा धूर चालेल. गरम झाल्यावरही पांढरा राहिला आणि डोळ्यांना झोंबला तर एखादं सिलिंडर डिझेल न जाळता बाहेर टाकतंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आधी एअर क्लीनर बघा.

कुठलं सिलिंडर मेलंय ते शोधायला इंजिन आयडलवर ठेवा आणि एकेका नोझलच्या पाईपाचा नट पान्याने, चिंधी गुंडाळून, अर्धा आटा सैल करा. आवाज बदलला तर ते सिलिंडर काम करत होतं. आवाज तसाच राहिला तर दोष त्यातच. नोझल काढून तपासायला द्या आणि परत बसवताना तळाची तांब्याची वॉशर नीट पाहा. जुनी वॉशर हेडच्या भोकातच राहते, तिच्यावर नवी पडली की दोन होतात आणि नोझलचं टोक जागेपेक्षा वर राहतं. मग नवीन नोझलही धूर मारतं. नोझल हेडला धरून ठेवणारे दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. एकच बाजू आधी आवळली तर नोझल तिरकं बसून कॉम्प्रेशन फुसफुसत बाहेर येतं.

टॅपेट

गार इंजिनावर रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली गॅप ०.३० मिमी, गरमवर ०.२५ मिमी, इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना सारखीच. त्यामुळे कुठला व्हॉल्व्ह कुठला हे लक्षात ठेवायची गरज नाही. पहिल्या सिलिंडरचे दोन रॉकर पाहत पुली फिरवा. एक बंद होत आला आणि दुसरा उघडायला लागला, दोन्ही किंचित डुलले, की तिथून बरोबर एक फेरा पुढे. आता दोन्ही मोकळे आहेत. फीलर गेज हलकी घासत सरकेल इतकं ठेवून लॉकनट आवळा आणि पुन्हा मापा, कारण आवळताना स्क्रू फिरतो. पुढच्या दोन सिलिंडरांना हीच रीत. झाकण लावण्याआधी आयडलवर चालू करून रॉकरवर तेल झिरपतंय का तेही पाहून घ्या. कोरडे रॉकर दिसले तर वर येणारी तेलाची वाट बुजलेली आहे.

मागचं तेल आणि लिफ्ट

मॅसी ३५ चं खरं वैभव लिफ्टमध्ये आहे. नांगर जड मातीत गेला की टॉप लिंक (अवजाराला जोडणारा वरचा दांडा) पुढे दाबली जाते, ती सीटखालची जाड स्प्रिंग दाबते, स्प्रिंग आतल्या व्हॉल्व्हला खूण देते आणि लिफ्ट नांगर किंचित वर घेते. हॅरी फर्ग्युसनची ही कल्पना. एवढ्या हलक्या ट्रॅक्टरने नांगरट कशी होते याचं उत्तर त्यातच आहे: नांगराचं ओझं मागच्या चाकांवर येतं आणि चाकं घसरत नाहीत.

हायड्रॉलिक पंप बाहेर कुठे दिसणार नाही. चार पिस्टनचा तो पंप मधल्या हाऊसिंगच्या आत, गिअरच्याच तेलात बुडालेला असतो. म्हणून मागच्या तेलाकडे दुर्लक्ष म्हणजे लिफ्टकडे दुर्लक्ष. गिअर लिव्हरच्या बुडाचे रबरी बूट उन्हाने चिरतात, पावसाचं पाणी त्यातून थेट गिअरबॉक्समध्ये उतरतं आणि तेल ताकासारखं होतं. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरमध्ये हे जवळपास ठरलेलं. तेल गरम असताना खालचे सगळे ड्रेन प्लग काढून रात्रभर निथळू द्या, मग साधारण तीस लिटर नवं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक तेल घाला. स्वस्त पडतं म्हणून १४० नंबरचं गिअर ऑइल घालू नका. सकाळच्या गारव्यात पंपाला ते ओढवत नाही, लिफ्ट कण्हते. आणि बूट बदलल्याशिवाय तेल बदललं तर पहिल्याच पावसात पैसे पाण्यात.

सीटच्या उजव्या हाताला दोन लिव्हर आहेत. आतला पोझिशन कंट्रोलचा (अवजाराची उंची धरणारा), बाहेरचा ड्राफ्ट कंट्रोलचा (मातीच्या ओढीप्रमाणे उचलणारा). पेरणी यंत्र किंवा फवारणीसाठी अवजार ठरल्या उंचीवर हवं असतं, तेव्हा ड्राफ्टचा लिव्हर वर ठेवून पोझिशनच्या लिव्हरने काम करा. नांगराला उलट: पोझिशनचा लिव्हर रिस्पॉन्सच्या पट्ट्यात आणि खोली ड्राफ्टच्या लिव्हरने. दोन्ही एकदम हलवत बसलं की लिफ्ट मनाला येईल तसं वागते असं वाटतं. पोझिशनच्या लिव्हरला शेवटी 'कॉन्स्टंट पंपिंग'ची जागा आहे. ती टिपर ट्रॉलीसारख्या बाहेरच्या सिलिंडरसाठी. तिथे लिव्हर विसरला तर जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह सतत उडत राहतो, आतून चिर्र आवाज येतो आणि तेल तापतं.

लिफ्ट उचलतच नाही? तेलाची पातळी, मग क्लच. पंप क्लचमार्फत फिरतो. ड्युअल क्लचच्या गाडीत पेडल अर्धं दाबलं तर चाकं थांबतात आणि पंप व पीटीओ (अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट) चालू राहतात, पूर्ण दाबलं तर सगळंच थांबतं. सिंगल क्लचमध्ये पेडल दाबलं की लिफ्टही थांबते, त्यात दोष नाही. बरीच वर्षं उभ्या गाडीत पंपाचा कंट्रोल व्हॉल्व्ह चिकटलेला असतो. नवं तेल घालून, इंजिन मध्यम वेगात ठेवून लिव्हर पंधरा-वीस मिनिटं वर-खाली करत राहिलं तर बरेचदा सुटतो.

वजन उचलून इंजिन बंद करा आणि बघत बसा. काही तासांत हळूहळू खाली आलं तर ठीक. पाच मिनिटांत आलं तर लिफ्ट सिलिंडरच्या पिस्टनची सील, नाहीतर पंपाकडून वर जाणाऱ्या पाईपची ओरिंग गेलेली आहे. इंजिन चालू असताना अवजार दर काही सेकंदांनी उचकी दिल्यासारखं हललं तर तीच गळती: खाली येतं, पंप पुन्हा उचलतो. नांगरट करताना धक्के बसत असतील तर मागची जाड स्प्रिंग धरून पुढे-मागे हलवून पाहा. तिथे ढिलाई जाणवायला नको.

ही लिफ्ट तेलाने फक्त वर जाते, खाली येते ती वजनाने. उचललेल्या अवजाराखाली लाकडी ठोकळे लावल्याशिवाय कुणीही शिरू नये. ओढकाम नेहमी खालच्या ड्रॉबारवरून करा. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून झाड ओढायला गेलं तर पुढची चाकं उठतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. या गाड्यांना डोक्यावर संरक्षक चौकट नाही.

पीटीओच्या लिव्हरला तीन जागा आहेत: इंजिनवर, न्यूट्रल आणि चाकांच्या वेगावर. मळणी यंत्राला पहिली. ५४० फेऱ्या इंजिनच्या साधारण १५०० आरपीएमला मिळतात. मीटरवर खूण आहे, तिच्या पुढे जायची गरज नाही.

क्लच, ब्रेक, पुढचा ॲक्सल

क्लच हाऊसिंगच्या बुडाला एक छोटं भोक आहे, त्यात खिळ्यासारखी स्प्लिट पिन लटकत असते. ती पिन हलत राहून भोक मोकळं ठेवते. तिथून तेल टपकत असेल तर बोटावर घेऊन पाहा. काळं आणि पातळ असलं तर क्रँकचं मागचं सील, पिवळसर आणि घट्ट असलं तर गिअरबॉक्सच्या पुढचं सील. पिन काढून भोक बुजवणं म्हणजे क्लच प्लेट तेलात भिजवणं. सील बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत फोडावा लागतो. फोडण्याआधी पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना, ॲक्सल आणि बॉडीच्या मध्ये, लाकडी पाचरी ठोका. पुढचा भाग एका मधल्या पिनवर तोललेला असतो आणि पाचरीशिवाय सुटा झाला की कलंडतो.

ब्रेक ड्रमचे, डावे-उजवे वेगळे. शेतात वळायला ते सोयीचे, रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल खटक्याने जोडूनच निघा. एकच बाजू धरत असेल तर ॲडजस्टमेंटच्या आधी ड्रम काढून बघा. ॲक्सलचं सील गळून ब्रेकचे बूट तेलकट झालेले असतात, आणि तेल प्यालेला बूट घासून, जाळून सुधारत नाही.

पुढे मधली पिन, किंगपिन (जिच्यावर पुढचं चाक वळतं) आणि स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंचे जोड यांना ग्रीस. गन मारताना जुनं काळं ग्रीस कडेने बाहेर येईपर्यंत मारा. न आलं तर निप्पल बुजलंय, बदला. पुढचं वजन जॅकवर घेऊन ग्रीस मारलं तर ते घासणाऱ्या बाजूलाही पोहोचतं.

काम संपल्यावर अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन दोन मिनिटं आयडलवर ठेवा, स्टॉप नॉब ओढून बंद करा आणि पूर्ण थांबलं की नॉब लगेच आत ढकला. बाहेरच राहिलेला नॉब सकाळी कुणाच्या लक्षात येत नाही. सेल्फ फिरतो, धूर येत नाही, आणि घट्ट बसलेले सगळे ब्लीड स्क्रू विनाकारण पुन्हा उघडले जातात.